बर्फात घर दाखवायचं असेल तर: न्यू जर्सीतल्या हिवाळी शोइंगची तयारी

न्यू जर्सीत घर विकायला काढायचं म्हटलं की बहुतेक जण एप्रिलची वाट बघतात. पण नोकरी बदलते, नव्या घराचं क्लोजिंग (खरेदीचा शेवटचा व्यवहार) फेब्रुवारीत ठरतं, आणि मग ऐन थंडीत घर दाखवायची वेळ येते. त्यात वाईट काही नाही. बर्फ तुडवत येणारा माणूस सहसा रिकामपणी घरं बघत हिंडणारा नसतो, त्याला खरंच घर हवं असतं. अडचण निराळीच आहे. नोव्हेंबरपासून आपलं घर बंद असतं. तीच हवा फर्नेसमधून फिरत राहते. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर निघून जाणारा फोडणीचा वास आणि आंघोळीची वाफ हिवाळ्यात घरातच मुरते. घरातल्यांचं नाक त्याला सरावलेलं असतं, पण बाहेरच्या कोरड्या गार हवेतून आत येणाऱ्याला ते दारातच कळतं. म्हणून रंग आणि सजावटीच्या आधी वास, ओल आणि ऊब या तीन गोष्टींचं बघायचं. बाकीचं त्यानंतर.

वास: दहा दिवस आधी सुरुवात

फोडणीचा वास नुसता हवेत नसतो, तेलात असतो. कढईतून उडालेलं तेल बारीक तुषारासारखं कपाटांच्या माथ्यावर, छताला, पडद्यांना चिकटतं आणि हिंग, मोहरी, लसणाचा वास धरून बसतं. त्यावर एअर फ्रेशनर मारला तर लव्हेंडर आणि हिंग असे दोन्ही वास एकदम येतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हे लोक काहीतरी झाकताहेत. तेल निघालं की वास जातो. त्याला दुसरा उपाय नाही.

पहिलं काम शेगडीवरच्या हूडचं. तो हवा बाहेर टाकतो की घरातच सोडतो, ते आधी तपासा. पंखा हायवर लावा आणि घराबाहेर भिंतीवर त्याचं तोंड असेल तिथे कुणाला तरी उभं करा. झडप उघडून हवा आली तर हूड बाहेर जोडलेला आहे. शेगडीवर मायक्रोवेव्ह असलेल्या बऱ्याच घरांत तो पंखा हवा परत स्वयंपाकघरातच सोडतो. वरच्या जाळीतून तोंडावर गरम हवा आली तर समजा तुमचाही तसाच. त्यात कोळशाचा फिल्टर असतो. तो धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो, आणि रोज फोडणी होणाऱ्या घरात सहा महिन्यांच्या वर टिकत नाही. खालच्या धातूच्या जाळ्या मात्र धुता येतात. सिंकमध्ये कडकडीत पाणी, पाव कप बेकिंग सोडा आणि भांड्यांचा साबण घालून जाळ्या वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. ॲल्युमिनियमची जाळी थोडी काळवंडते, पण तिच्या कामात फरक पडत नाही.

मग स्टुलावर चढा आणि वरच्या कपाटांच्या माथ्यावर बोट फिरवा. धूळ आणि तेल मिळून पिवळट, चिकट थर झालेला असतो, तो नुसत्या फडक्याने फक्त पसरतो. गरम साबणाच्या पाण्यात पेपर टॉवेल भिजवून पिळा, त्या थरावर दहा मिनिटं अंथरून ठेवा, आणि मऊ झालेलं प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडून काढा. लाकडावर पाणी साचू देऊ नका, लगेच कोरडं पुसा. तीच गत फ्रिजच्या माथ्याची आणि हूडशेजारच्या भिंतीची. स्वयंपाकघराच्या छताला हात लावला आणि बोटाला चिकटपणा लागला, तर छतही पुसायला हवं.

त्यानंतर कापड. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्यावरची चादर धुऊन घ्या. सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी जागा म्हणजे दाराशेजारचं कोटांचं क्लोसेट. सगळ्यांचे जाड कोट तिथेच असतात, स्वयंपाक चालू असताना त्याचं दार उघडझाप होत असतं, आणि लोकर वास सोडत नाही. घर बघणारा सगळ्यात आधी तेच क्लोसेट उघडतो. कोट ड्रायक्लीन करून आणा, रोजचे दोन सोडून बाकीचे दुसरीकडे हलवा आणि पाचसहा रिकामे हँगर टांगून ठेवा.

कार्पेटवर रात्री बेकिंग सोडा भुरभुरून सकाळी सावकाश व्हॅक्यूम करा. शॅम्पू करायचा असेल तर शोइंगच्या किमान तीन दिवस आधी करा, कारण खिडक्या बंद असताना कार्पेटखालचं पॅड लवकर वाळत नाही आणि ओल्या कार्पेटचा कुबट वास फोडणीपेक्षा वाईट. सगळी साफसफाई झाली की शेवटी फर्नेसचा फिल्टर बदला. आधी बदलला तर साफसफाईची धूळ त्यातच जाते. माप जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ १६x२५x१. मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा; एक इंच जाडीच्या फिल्टरसाठी मर्व्ह ८ पुरेसा. 'जास्त चांगला' म्हणून मर्व्ह १३ घातला तर जुन्या यंत्रणेत हवेचा ओघ कमी होतो आणि टोकाच्या खोल्या गार राहतात. फिल्टरवरच्या बाणाचं टोक फर्नेसच्या पंख्याकडे हवं.

घर दाखवायला काढल्यावर स्वयंपाक थांबवता येत नाही, पण सवय बदलता येते. फोडणीची कढई मागच्या बर्नरवर ठेवा, कारण बहुतेक हूड पुढच्या बर्नरपर्यंत पोचत नाहीत. झाकण हाताशी ठेवा. पंखा फोडणीआधी लावा आणि गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं चालू राहू द्या. तळण शोइंगच्या आदल्या दिवसापासून बंद. सुकट, बोंबील दोन झिप पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये; हिंगाची डबी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. कचरा आणि ओला डबा दाखवायच्या दिवशी सकाळी बाहेर.

काही घरांत तळणासाठी गॅरेजमध्ये दुसरी शेगडी मांडलेली असते. ती काढाच. बंद गॅरेजमध्ये गॅस जाळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि परवानगीशिवाय ओढलेली गॅसची पाइप खरेदीदाराच्या इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या तपासणीत, पकडली जाते. पाइप काढण्याचं काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या.

देवघर लपवायची गरज नाही. ते एका जागी, नेटकं, आटोपशीर असलं की पुरे. मात्र क्लोसेटमध्ये देवघर केलेलं असेल तर वरच्या फळीला आणि छताला समईची काजळी बसलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसू नका, काळा पट्टा पसरतो आणि रंगात उतरतो. हार्डवेअरच्या दुकानात काजळी पुसायचा कोरडा स्पंज मिळतो, त्याने एकाच दिशेने ओढून काढा. डाग राहिला तर शेलॅकचा प्रायमर एक हात देऊन मग रंग. चांदीची भांडी, मूर्तींचे दागिने बँकेत ठेवा. दारावर कुंकवाचं स्वस्तिक असेल तर ते पुसून तोरण लावणं बरं. इथल्या अनेकांना त्या चिन्हाची एकच, फार वेगळी ओळख आहे, आणि दारातल्या दोन मिनिटांत आपण ते समजावून सांगू शकत नाही. घराबाहेर पडण्याआधी निरांजन, समई, उदबत्ती विझलेली आहे, हे स्वतः बघा.

काचेवरचं पाणी

सकाळी बेडरूमच्या खिडकीची खालची कड बघा. काचेवर घाम आलेला असतो, तो ओघळून लाकडी पट्टीवर साचतो, आणि कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात. ती बुरशी. घर बघणारा पडदा सरकवतो तेव्हा त्याची नजर नेमकी तिथे जाते, आणि 'इथे ओल आहे' ही शंका एकदा मनात आली की मग बेसमेंटमधला प्रत्येक डाग त्याला पाण्याचाच वाटतो.

ठिपके साबणाच्या पाण्याने घासून काढा आणि पट्टी कोरडी करा. लाकूड मऊ पडलं असेल तर सुतार बोलवा. वरून नुसता रंग मारलेला इन्स्पेक्टरच्या स्क्रूड्रायव्हरला लगेच कळतो. पण ओल येते कुठून, ते शोधलं नाही तर ठिपके आठवड्यात परत येतात. जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेले कपडे, पंखा न लावता केलेली आंघोळ, झाकण न ठेवता उकळणारी डाळ ही नेहमीची कारणं. फर्नेसला ह्युमिडिफायर जोडलेला असेल तर बाहेरच्या थंडीप्रमाणे त्याचा आकडा खाली आणावा लागतो. बाहेर २० अंश फॅरेनहाइट असेल तर आत ३५ टक्के, १० अंश असेल तर ३० टक्के, शून्याला २५. बरीच घरं ऑक्टोबरमध्ये ४५ वर लावून विसरतात. उलट आर्द्रता ३० च्या फार खाली गेली तर हार्डवुडच्या फळ्यांमध्ये फटी दिसतात आणि दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसतो. दहापंधरा डॉलरचा आर्द्रतामापक बेडरूममध्ये ठेवला की अंदाजाने काही करावं लागत नाही.

बेसमेंटला वेगळा नियम. गार बेसमेंटमध्ये साध्या डीह्युमिडिफायरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो नुसता घोंघावत बसतो, पाणी काढत नाही. तिथे थोडी उष्णता सोडणं जास्त उपयोगी. जमिनीतल्या ड्रेनमध्ये आणि न वापरलेल्या बाथरूमच्या सिंक-टबमध्ये दोन कप पाणी ओता. खालच्या वाकड्या पाइपमधलं पाणी हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उडून जातं आणि मग गटाराचा वास वर येतो. कित्येकदा 'बेसमेंटला कसला तरी वास येतो' याचं कारण एवढंच असतं.

ऊब: आकडा नाही, खोली बघा

माणसं घरात असताना थर्मोस्टॅट ७० अंशावर असावा. ७५ केला तर कोट घातलेल्या माणसाला गुदमरतं आणि तो लवकर बाहेर पडतो. दिवसा घर रिकामं असेल तर ६२ ला ठेवून शोइंगच्या दोन तास आधी ७० करा. गरम पाण्याच्या बेसबोर्डला, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या हीटरला, तीन तास द्या, तो सावकाश तापतो. हीट पंप असेल तर अशी मोठी उडी घेऊ नका, दिवसभर ६८ वरच ठेवा. उडी घेतली की आतला विजेचा हीटर सुरू होतो आणि बिल वाढतं.

मग सगळ्या खोल्यांतून फिरा. गॅरेजवरची खोली जवळपास नेहमीच गार असते. तिथला रजिस्टर, म्हणजे गरम हवा सोडणारी जाळी, बेडखाली किंवा कपाटामागे दडलेला नाही ना, त्याची झडप उघडी आहे ना, बघा. गार खोलीत छोटा हीटर मांडून ठेवू नका. खोली गरम होते खरी, पण बघणाऱ्याला तो हीटर सांगतो की ही खोली फर्नेसने तापत नाही. गारवा कुठून येतो ते शोधायला उदबत्ती उत्तम. वारा असलेल्या दिवशी पेटवलेली उदबत्ती दाराच्या, खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर आडवा झाला तिथे फट आहे. दाराखाली रबरी पट्टी, कडेला फोमची चिकट पट्टी लावा. बाहेरच्या भिंतीवरच्या स्विच-प्लेटमागे फोमची गॅस्केट बसवा, नग काही सेंटचा असतो. खिडकीवर ताणून लावायचं प्लास्टिक या काळात नको. ते लांबूनच दिसतं.

फर्नेसची सर्व्हिस झालेली असावी आणि तारखेचं स्टिकर त्याच्या दारावर दिसावं. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्याकडून खोल्यांत हवा फेकणारे रजिस्टरही बघून घ्या, आणि त्यांच्या जाळ्या काढून व्हॅक्यूम करा. त्यात अडकलेले केस आणि पोह्यांचे दाणे खाली बघणाऱ्याला दिसतात.

बाहेर: बर्फ, मीठ आणि फर्नेसची पाइप

बर्फ दहा इंच साचायची वाट बघू नका. तीनचार इंच झाला की एकदा काढा, थांबल्यावर पुन्हा. वाट किमान तीन फूट रुंद, कडा सरळ, काँक्रीट दिसेपर्यंत. फावड्याच्या रुंदीएवढी पायवाट म्हणजे एजंट पुढे, नवराबायको मागे, अशी रांग. ड्राइव्हवेवर दोन गाड्यांची जागा मोकळी ठेवा, तुमची गाडी दूर लावा. टाउनशिपचा प्लाउ (रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी) येऊन गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा कठीण बांध राहतो. तो सकाळी काढला असला तरी दुपारी पुन्हा बघा, शोइंगची गाडी नेमकी तिथेच अडते. फुटपाथवरचा बर्फ किती तासांत काढायचा, याचा नियम टाउनशिपप्रमाणे बदलतो, तो वेबसाइटवर असतो. टाउनहाऊसमध्ये असोसिएशन रस्ता साफ करते. तुमची पायरी ती करते का, ते कागद काढून वाचा.

मिठात फरक असतो. साधं खड्याचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, ते १५-२० अंश फॅरेनहाइटच्या खाली जवळजवळ निकामी. त्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरा, ते शून्याखालीही बर्फ वितळवतं. एक कॉफी मग, म्हणजे सुमारे बारा औंस मीठ, फुटपाथच्या दहा चौकोनांना पुरतं. जास्त टाकल्याने बर्फ लवकर जात नाही, उलट तेच मीठ बुटाला चिकटून हार्डवुडवर पांढरे डाग पडतात. डाग पडलाच तर एक गॅलन कोमट पाण्यात अर्धा कप व्हिनेगर घालून पुसा आणि लगेच कोरडं करा. वर्षभराच्या आतल्या नव्या काँक्रीटवर मीठ अजिबात नको, वरचा थर सोलला जातो. तिथे वाळू टाका. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही.

आता ती गोष्ट, जी राहिली तर जीवावर बेतते. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर धुराड्यातून जात नाही, घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येणाऱ्या दोन पांढऱ्या पीव्हीसी पाइपांतून जातो. एक हवा आत घेते, दुसरी धूर सोडते. वाऱ्याने बर्फाचा ढीग तिथे साचला की एकतर फर्नेस बंद पडतो, किंवा धूर घरात येतो. प्रत्येक बर्फानंतर त्या पाइपांभोवती सगळीकडे फूटभर मोकळं करा, आणि वाट मोकळी करताना फावड्याचा बर्फ त्या बाजूला टाकू नका. ड्रायरचं तोंड आणि गॅस मीटरही त्याच फेरीत बघा. मीटरवर फावडं चालवायचं नाही, हाताने किंवा झाडूने.

छपराच्या कडेला लटकणारे बर्फाचे सुळे फोटोत सुंदर दिसतात, पण जाणकार खरेदीदार ते बघून वर छपराखालच्या ॲटिककडे बोट दाखवतो. घरातली उष्णता ॲटिकमधून छपराला लागते, बर्फ खालून वितळतो, आणि ते पाणी गार कडेवर येऊन पुन्हा गोठतं. त्याचा बांध झाला की मागे अडलेलं पाणी शिंगल्सखाली शिरतं. हातोड्याने सुळे फोडू नका, शिंगल्स आणि गटर दोन्ही जातात. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकने कडेचा तीनचार फूट बर्फ ओढून घ्या. खरा उपाय ॲटिकमध्ये आहे. दिव्यांभोवती, पाइपभोवती, ॲटिकच्या झाकणाभोवती फटी बुजवा, मग इन्सुलेशन. आर हे इन्सुलेशन उष्णता किती अडवतं त्याचं माप; आर-४९ साठी सेल्युलोज सुमारे चौदा इंच लागतो. तिथे फूटपट्टी खोचून बघा, सहा इंच निघाले तर दुरुस्ती करा, नाहीतर त्याची किंमत सौद्यात मोजावी लागेल.

मागच्या अंगणाकडे आणि डेककडे एक वाट काढा. लोकांना यार्ड बघायचंच असतं, आणि गुडघाभर बर्फ बघून ते काचेतूनच परत फिरतात. डेकवर प्लास्टिकचं फावडं, फळ्यांच्या दिशेने.

दार

बाहेर काथ्याचं पायपुसणं, आत रबरी पाठीचं पाणी शोषणारं मोठं पायपुसणं, त्याशेजारी कड असलेला बुटांचा ट्रे आणि बसायला एक स्टूल. आपल्या घरी चपला दाराबाहेर काढतात, पण बर्फात बूट बाहेर कुणी काढू शकत नाही. बुटांवर घालायचे मोजे टोपलीत ठेवा आणि बूट काढायची किंवा ते मोजे घालायची विनंती एका कागदावर लिहा. पायऱ्यांचा कठडा हलत असेल तर आजच घट्ट करा, बर्फात लोक त्याला धरूनच चढतात.

उजेड

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून शोइंग अकरा ते दोनमध्ये मागा. २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो. त्याचे तिरपे किरण दक्षिणेच्या खोल्यांत थेट आतपर्यंत जातात, खोली छान उजळते, आणि टीव्हीवरची धूळ व काचेवरचे हाताचे ठसेही तितकेच उजळतात. त्या खोल्यांच्या काचा ऊन पडलेलं असतानाच पुसा. डासांच्या जाळ्या काढून, प्रत्येकीवर निळ्या टेपने खोलीचं नाव लिहून बेसमेंटमध्ये ठेवा. दिव्यांची छत्री काढून आतले मेलेले किडे झटका. एका खोलीत सगळे दिवे एकाच रंगाचे हवेत: २७०० ते ३००० केल्विनचे, ८०० ल्युमेनचे एलईडी. पिवळा आणि निळसर दिवा शेजारी असला तर भिंतीचा रंगच डागाळलेला वाटतो. पोर्चच्या आणि ड्राइव्हवेच्या दिव्याचा टायमर चारला लावा.

बर्फाखाली झाकलेलं

हिवाळ्यात छप्पर, लॉन आणि सेप्टिक दिसत नाही, आणि गार हवेत एसी चालवून दाखवला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो, म्हणून इन्स्पेक्टर सहसा ६० अंशांखाली तो लावतच नाहीत. ही उणीव कागदाने भरून काढायची. एका फोल्डरमध्ये एसीच्या शेवटच्या सर्व्हिसची पावती, छपराचं बिल व वॉरंटी, सेप्टिक असेल तर उपशाची पावती, आणि बागेचे, अंगणाचे उन्हाळ्यातले आठदहा फोटो ठेवा. पुराण्या घरात जमिनीखाली कधी घर तापवायच्या तेलाची टाकी होती का, याचा कागद असेल तर सगळ्यात वर ठेवा; न्यू जर्सीतला खरेदीदार तो प्रश्न विचारतोच.

ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत विक्रेत्याला घराच्या अवस्थेचा खुलासा करणारा फॉर्म भरून द्यावा लागतो. बर्फाच्या बांधामुळे पूर्वी गळती झाली असेल तर ती त्यात लिहा आणि दुरुस्तीचं बिल जोडा. रंगाखाली लपवलेला डाग पुढे कोर्टापर्यंत जातो.

स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक सिलिंडर यांच्या तपासणीचं प्रमाणपत्र एक-दोन कुटुंबांच्या घराला विक्रीच्या वेळी लागतंच. वायरने जोडलेला नसेल तर स्मोक अलार्म दहा वर्षं टिकणाऱ्या सीलबंद बॅटरीचा हवा, आणि अग्निशामक स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत, दिसेल असा. शोइंगच्या आधीच लावून टाका.

घर रिकामं असेल तर

थर्मोस्टॅट ५५ च्या खाली कधीही नको. बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाइपांपर्यंत पोचते. बागेची नळी काढा. दंवरोधक नळालासुद्धा नळी जोडलेली राहिली तर आत पाणी अडकतं, गोठतं, पाइप भिंतीच्या आत फुटतो, आणि ते वसंतात नळ उघडल्यावर कळतं. बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाच्या बाहेरच्या पाइपचं तोंड बर्फाने बंद झालेलं नाही ना, बघा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवायचा असेल तर एजंटला सांगा आणि टॉयलेटवर चिठ्ठी लावा. गरम पाण्याच्या बॉयलरवर घर तापत असेल तर आधी प्लंबरला विचारा, त्याला पाण्याचा पुरवठा लागू शकतो. विमा कंपनीलाही कळवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर ठरावीक दिवसांच्या वर रिकामं राहिलं तर गोठलेल्या पाइपची भरपाई मिळत नाही.

शेवटचा दीड तास

दीड तास आधी समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडून दहा मिनिटांनी बंद करा. हवा बदलते, पण भिंती आणि फर्निचर गरम राहतात, त्यामुळे घर लवकर परत तापतं. एकच खिडकी दिवसभर फटभर उघडी ठेवली तर उलट भिंतीच गार पडतात. मात्र सौदा ठरून रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) टेस्ट लागली असेल तर खिडकीला हात लावायचा नाही. टेस्टच्या बारा तास आधीपासून घर बंद ठेवावं लागतं आणि हवा दिली तर टेस्ट फुकट जाते. निष्कर्ष ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आला तर बंदोबस्त करण्याची शिफारस असते, आणि बंद घरात हिवाळ्यात आकडा चढाच येतो. म्हणून लिस्टिंगच्या आधी स्वतः टेस्ट करून घेतलेली बरी.

तासभर आधी पायऱ्यांवरून स्वतः, बुटात, सावकाश उतरून बघा. सकाळी वितळलेलं पाणी सावलीत काळ्या बर्फासारखं गोठतं आणि डोळ्याला दिसत नाही. मग सगळे दिवे, सगळे पडदे, टॉयलेटची झाकणं. औषधं, पासपोर्ट, दागिने कुलूपबंद. कॅमेरे असतील तर एजंटला आधी सांगा आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. लोकांचं आपसातलं बोलणं त्यांना न सांगता टिपणं कायद्याला धरून नाही. आजीआजोबा घरात असतील तर त्यांना घेऊन तासभर मॉलमध्ये किंवा मित्राकडे जा. घरमालक सोफ्यावर बसलेला असला की लोक क्लोसेट उघडत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत.

परत आल्यावर आधी मागचं दार आणि डेकचं सरकदार लागलंय का बघा, हिवाळ्यात ते फटभर उघडं राहिलं तर रात्रीत स्वयंपाकघरातला पाइप गोठू शकतो. थर्मोस्टॅट कुणी बदलला का बघा. पायपुसणी उचलून वाळत घाला, कारण त्याखाली साचलेल्या खारट पाण्याने हार्डवुडवर चौकोनी पांढरा डाग उमटतो, आणि उद्याच्या शोइंगला तोच आधी दिसतो.